पदकांचे इमले

कोणत्याही विद्यालयाचा खरा अभ्यासक्रम जाणून घ्यावयाचा असेल तर त्याचे छापील माहितीपत्रक उघडून बसू नये. त्याच्या दर्शनी दालनात टांगलेला पारितोषिकांचा फलक वाचावा. वर्गात सांगितलेले विद्यार्थी विसरतो. परंतु ज्या कृतीबद्दल चारचौघांत त्याची पाठ थोपटली गेली, ती कृती तो जन्मभर करीत राहतो. म्हणून पदके आणि शिष्यवृत्त्या हा शाळेच्या कारभारातील केवळ शोभेचा भाग आहे असे जे समजतात, ते फसतात. तोच तिचा गाभा होय. आणि वास्तुकला व नगररचना शिकविणाऱ्या विद्यालयांत हा गाभाच किडला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विधान कठोर आहे. तेव्हा त्याची कारणेही स्पष्टच सांगितली पाहिजेत. गवयाची परीक्षा गाण्याने होते, मल्लाची आखाड्यात होते, कवीची कविता कागदावर उतरली की ती पुरी झाली. वास्तुकाराचे तसे नाही. त्याचा नकाशा म्हणजे वास्तू नव्हे. ती वास्तूबद्दल लिहून दिलेली हुंडी आहे. ही हुंडी वटते की नाही ते पहिल्या पावसाळ्यात छप्पर गळू लागले म्हणजे कळते, वैशाखात दुपारी दोन वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावला म्हणजे कळते, आणि बाळंतिणीला व म्हाताऱ्या सासऱ्याला त्या घरात कोठे निजवावयाचे हा प्रश्न सुनेला पडला म्हणजे कळते. असे असता हुंडी वटण्यापूर्वीच, केवळ तिच्या अक्षराच्या वळणावर लुब्ध होऊन, सावकाराच्या गळ्यात हार घालणे यास काय म्हणावे? आमच्या विद्यालयांतून नेमके हेच चालले आहे. सुंदर रेखाटलेल्या, संगणकाने उजळलेल्या, संध्याकाळच्या सोनेरी उन्हात न्हालेल्या इमारतीच्या चित्रास पदक मिळते. आणि त्या इमारतीत कोणी राहील काय, हा प्रश्न विचारणे परीक्षकांच्या दालनात असभ्यपणाचे ठरते.

या रोगाचे मूळ शोधावयाचे तर पॅरिसला जावे लागते. तेथे १७२० पासून वास्तुकलेसाठी दरसाल एक थोर पारितोषिक देण्यास प्रारंभ झाला. त्याचे नाव ‘प्री द रोम’. राज्यक्रांतीतील व युद्धकाळातील खंड वगळता ते जवळजवळ अडीचशे वर्षे चालले आणि १९६८ साली, विद्यार्थ्यांच्या उठावानंतर, आंद्रे माल्रो या सांस्कृतिक मंत्र्यांनी ते बंद केले. एकोणिसाव्या शतकातील त्याचे नियम असे होते : उमेदवार फ्रेंच असावा, अविवाहित असावा, तिशीच्या आतला असावा, आणि तो पुरुष असावा हे तर कोणी सांगण्याचीही गरज नव्हती, कारण १९०३ पर्यंत या स्पर्धेचे दार स्त्रियांना उघडलेच नाही. शेवटच्या फेरीसाठी निवडलेल्या मोजक्या उमेदवारांना एकेका बंद कोठडीत बसवीत. तेथे प्रथम कच्चा आराखडा करावयाचा आणि पुढे कित्येक महिने तोच आराखडा भव्य चित्रांच्या रूपाने पुरा करावयाचा. काम करता करता अधिक चांगली कल्पना सुचली आणि गडी मूळ आराखड्यापासून ढळला, की तो स्पर्धेतून बाद! चूक कळल्यावर ती सुधारणे हा जेथे अपराध ठरतो, त्या पद्धतीतून शिक्षण किती आणि हट्ट किती निर्माण होत असेल, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

आणि विषय तरी कोणते? १८२४ साली सर्वोच्च न्यायालयाची इमारत, १८४८ साली कला व उद्योगांचे संग्रहालय-विद्यालय, १८९९ साली सरकारी बँकेचे मुख्यालय. ज्या शतकात कारखान्यांच्या धुराखाली शहरे फुगली, कामगार कोंदट खुराड्यांत राहू लागला आणि पटकीने घरेच्या घरे ओस पडली, त्या शतकातील सर्वोत्तम तरुण डोकी खांबांच्या रांगा रेखीत कोठड्यांत बसली होती. जे पारितोषिकासाठी मागितले जाई तेच चित्रशाळेत शिकविले जाई. जे मागितले जात नसे त्याकडे कोण पाहणार? ही पद्धत पॅरिसपुरतीच राहिली असती तरी एक वेळ क्षम्य होते. अमेरिकेतील पहिल्या वास्तुविद्यालयाचे, म्हणजे बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयातील शाखेचे, वर्ग १८६८ मध्ये भरू लागले तेव्हा तिनेही पॅरिसचाच कित्ता गिरविला; आणि आज जगभर, कोठडी गेली तरी कोठडीची वृत्ती मात्र गेलेली नाही.

येथे पूर्वपक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल : ‘‘झाडाची परीक्षा फळांवरून करावी. याच पारितोषिकाने आंरी लाब्रूस्त दिला, शार्ल गार्निए दिला, तोनी गार्निए दिला. मग पद्धत वाईट कशी?’’ आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच तो तपासून पाहू. लाब्रूस्तला १८२४ चे पारितोषिक मिळाले व तो रोमला गेला. तेथून त्याने दक्षिण इटलीतील पेस्टम येथील ग्रीक मंदिरांच्या अभ्यासाचे नकाशे पाठविले, त्यांवरून अकादमीत मोठे वादळ उठले. पुस्तकांत घालून दिलेल्या प्रमाणांपेक्षा त्या वास्तू निराळ्या का, त्या मातीने व त्या माणसांनी त्यांस कसे घडविले, हे तो सांगू पाहत होता. आणि ज्यांनी त्याला निवडले त्यांनाच ते रुचले नाही. मायदेशी परतल्यावर मोठे सरकारी काम हाती येण्यास १८३८ साल उजाडले. पुढे सेंट-जनव्हिएव्ह ग्रंथालयात त्याने लोखंडाचे सडपातळ खांब उघडपणे उभे केले आणि नव्या युगाला वाट दाखविली. तोनी गार्निएची कथा याहून बोलकी आहे. १८९९ साली त्याने बँकेचे मुख्यालय रेखून पारितोषिक जिंकले. आणि रोमला पोचल्यावर प्राचीन अवशेषांची चित्रे काढण्याऐवजी तो एका औद्योगिक नगराचा आराखडा करीत बसला. त्यात कामगारांची हवेशीर घरे होती, शाळा होत्या, रुग्णालय होते. अकादमीला हे पसंत पडले नाही. पण आधुनिक नगररचनेच्या इतिहासात आज त्या बँकेचे नाव कोणी घेत नाही, त्या नगराचे घेतात.

यावरून काय सिद्ध होते? पदकाने ही माणसे मोठी झाली, हे नव्हे. पदकाच्या मागोमाग मिळालेल्या चार-पाच वर्षांच्या निश्चिंत अवकाशाने ती मोठी झाली; आणि तो अवकाश त्यांनी पदक देणाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध वापरला, म्हणून मोठी झाली. अर्थात् पूर्वपक्षाने आणलेला साक्षीदार आमच्याच बाजूने बोलतो. पारितोषिकाचा जो भाग कामाचा होता तो अभ्यासवृत्तीचा. आणि जो भाग वाजतगाजत मिरविला गेला तो निव्वळ गोंगाट.

आता आपल्या दाराशी येऊ. वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा. या पाच वर्षांत शुल्काखेरीज खर्च किती होतो, हे ज्यांच्या घरी असा विद्यार्थी आहे त्यांना विचारावे. माउंटबोर्ड, सनबोर्ड, प्रतिकृतीसाठी लाकडाचे पातळ पत्रे, यंत्राने कापून घेण्याची मजुरी, भल्यामोठ्या तक्त्यांची रंगीत छपाई, आणि या सर्वांवर कळस म्हणजे चित्र रंगविण्यास समर्थ असा महागडा संगणक. ‘ज्युरी’च्या आदल्या रात्री एक मुलगा छपाईच्या दुकानात रांगेत उभा असतो, तर दुसऱ्याची प्रतिकृती पैसे देऊन बाहेरून तयार होऊन येते. सकाळी दोघांचे तक्ते एकाच भिंतीवर लागतात. परीक्षक प्रत्येकापुढे काही मिनिटे उभे राहतात, आणि त्या काही मिनिटांत डोळा प्रथम कोठे जाणार? सुंदर चित्र काढणे हा गुन्हा नव्हे. परंतु जेथे सौंदर्य बाजारात विकत मिळते तेथे सौंदर्याला दिलेले पदक बुद्धीला पोचत नाही, खिशाला पोचते. मग ज्याला साहाय्याची गरज सर्वांत कमी त्यालाच पदकाबरोबर पैसे मिळतात, पुढील शिफारसपत्रे मिळतात, परदेशच्या विद्यापीठाचे दार उघडते. तालुक्याच्या गावाहून आलेला मुलगा मात्र हे सारे पाहून एवढेच शिकतो, की आपल्याला वास्तुकला येत नाही.

हे आम्ही केवळ कळवळ्यापोटी लिहीत नाही. याच्या उलट रीतीने वागल्यास काय होते, याचे दाखले इतिहासात आहेत. ज्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयाचा उल्लेख वर केला, त्याच वास्तुशाखेत रॉबर्ट टेलर हा कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत होता. शिक्षण चालू असतानाच त्यास शिष्यवृत्तीचा आधार मिळाला व १८९२ साली तो त्या संस्थेचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला. पुढे त्याने टस्कीगी येथे, विद्यार्थ्यांनीच पाडलेल्या व भाजलेल्या विटांनी, एका संबंध विद्यापीठाच्या इमारती उभ्या केल्या. त्याला मिळालेली रक्कम पीक आल्यावरचा नजराणा नव्हती. पेरणीच्या वेळी दिलेले बियाणे होती. पीक आल्यावर ढोल बडविणारे पुष्कळ. बियाण्यासाठी पुढे येणारा विरळा.

दूर कशाला, मालवण तालुक्याकडेच पाहा. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मुंबई शहरावर एक निबंध लिहिला. त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकविण्यास आलेले पॅट्रिक गेडीस यांच्या तो नजरेत भरला, आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर घुर्ये इंग्लंडला गेले. परत आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी त्याच विभागाची धुरा खांद्यावर घेतली आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. त्याच तालुक्यातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत वास्तुकला शिकले. १९४५ साली भारत सरकारने त्यांना हार्वर्डला पाठविले, तेथे ते वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९४७ मध्ये परतले. अहमदाबादची ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योगाची संशोधनसंस्था व कानपूरचे तंत्रविद्यालय ही त्यांची कामे. कोकणातील एका तालुक्यातून निघालेल्या या दोन तरुणांवर जो पैसा खर्च झाला, तो भिंतीवरच्या चित्राचे बक्षीस नव्हता. पुढे करावयाच्या कामावर टाकलेला विश्वास होता. आणि तो विश्वास त्यांनी व्याजासह फेडला.

‘‘परंतु अभ्यासवृत्ती म्हणजे गुणांऐवजी दारिद्र्याला दिलेले दान नव्हे काय?’’ हा दुसरा आक्षेप. नव्हे. घुर्ये व कानविंदे हे निवडूनच पाठविले गेले होते. निवडीला आमचा विरोध नाही. कशावरून निवडावे, एवढाच वाद आहे. झालेल्या चित्रावरून निवडाल तर चित्रकार मिळतील. विचारलेल्या प्रश्नावरून निवडाल तर वास्तुकार आणि नगररचनाकार मिळतील.

मात्र अभ्यासवृत्ती म्हटली की ती निर्दोष, असेही कोणी मानू नये. बोस्टन येथे १८८३ साली स्थापन झालेली रॉच प्रवासवृत्ती तरुण वास्तुकारांना युरोपात पाठवी. १८८९ साली ती मिळविणारा हेन्री बेकन युरोपातील प्राचीन वास्तूंत रमून आला. पुढे वॉशिंग्टन येथे लिंकनचे स्मारक बांधण्याची वेळ आली तेव्हा त्याने अमेरिकेच्या राजधानीत ग्रीक मंदिर उभे केले. स्मारक देखणे आहे, याविषयी वाद नाही. परंतु प्रवासी जे पाहावयास जातो तेच घेऊन येतो, हेही त्यावरून दिसते. हार्वर्डने १९३५ साली सुरू केलेली व्हीलराइट प्रवासवृत्ती कित्येक दशके केवळ स्वतःच्या पदवीधरांसाठी राखून ठेवली होती. २०१३ मध्ये ती जगातील सर्व तरुण वास्तुकारांस खुली झाली. दार कोणासाठी उघडे ठेवावे हे त्यांना पाऊणशे वर्षांनी उमगले. विद्यार्थ्याने कोणत्या दिशेस जावे हे आपल्याला केव्हा उमगणार?

आमच्या मते पहिली दिशा घराची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे आपापल्या घरांत, आपल्याच भिंतींखाली मेली. त्या भिंती मातीत रचलेल्या जाड दगडांच्या होत्या, आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचे ओझे होते. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच घर त्या पहाटे थडगे झाले. नंतर बावन्न गावे मूळ जागा सोडून नव्याने वसविण्यात आली. त्यांतील कित्येक शहरी वसाहतीसारखी सरळ रेघांची, रुंद रस्त्यांची. गोठा कोठे, कडबा कोठे, भाऊबंदांचे शेजार कोठे? या नव्या गावांत लोक कसे राहिले, त्यांनी काय मोडले, काय नव्याने जोडले, याचा वर्षभर तेथे राहून मोजणीसह अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला किती विद्यालये अभ्यासवृत्ती देतात? पॅरिसच्या कोठडीत बसलेल्या उमेदवाराला कामगाराचे खुराडे दिसत नव्हते म्हणून आम्ही त्यास नावे ठेवली. मग आम्हांला किल्लारी दिसत नाही त्यास काय म्हणावे?

पारितोषिक मुळातच वाईट, असा आमचा सिद्धान्त नाही. ते कसे असावे याचा धडा गेडीस यांनी होळकरांच्या इंदुरात घालून दिला आहे. प्लेगने शहर ग्रासले असता नगराची पाहणी करण्यास त्यांना बोलावले होते. त्यांनी दिवाळीत एक थोर मिरवणूक काढविली आणि आधीच जाहीर केले, की जे रस्ते व जी घरे अधिक स्वच्छ होतील त्यांवरून ही मिरवणूक जाईल. झाले! घरोघर झाडलोट सुरू झाली, गाड्या भरभरून केर बाहेर पडला; आणि ज्यांच्या श्रमावर ही स्वच्छता उभी होती ते झाडूवाले फुले लेवून मिरवणुकीत मानाने चालले. हे पारितोषिक चित्राला नव्हते, कृतीला होते; ते एकट्यादुकट्याला नव्हते, अख्ख्या आळीला होते. १९१८ साली त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत निघाला. उपचाराआधी निदान करा, शहर आधी पायांनी पाहा, हा त्यांच्या सर्व शिकवणुकीचा सारांश होय. याच इंदुरात पुढे पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी ‘अरण्य’ ही वसाहत रचली. तीत गरीब कुटुंबास जोते, नळ, शौचकूप एवढे देऊन उरलेले घर त्याच्या ऐपतीप्रमाणे त्यानेच वाढवावे अशी योजना आहे. १९९५ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या या पुरस्काराची रीत अशी, की निर्णयापूर्वी तज्ज्ञास प्रत्यक्ष जागेवर धाडतात. तो वास्तू पाहतो, ती वापरणाऱ्यांशी बोलतो. प्रौढांच्या पुरस्कारांना जे शहाणपण सुचले, ते विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांना का सुचू नये? एक सन्माननीय अपवाद आपल्याकडेही आहेच. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा लुई कान यांच्या नावाचा करंडक जुन्या वास्तूंच्या मोजणीसाठी व नोंदीसाठी दिला जातो. त्यानिमित्त मुले टेप घेऊन वाड्यांत, मंदिरांत, घाटांवर दिवसचे दिवस राबतात. विद्यालयांनी निदान आपल्या विद्यार्थ्यांकडून एवढे तरी शिकावे.

केवळ खंडन करून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून चार मागण्या मांडतो. पहिली : पारितोषिकांच्या निधीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम अभ्यास चालू असतानाच, गरज व प्रश्नाची योग्यता पाहून, अभ्यासवृत्ती म्हणून द्यावी. दुसरी : जेथे स्पर्धा ठेवावयाची तेथे सर्वांना कागद एकच, आकार एकच, साहित्य विद्यालयाने पुरविलेले असावे, बाहेरून करवून आणलेली प्रतिकृती परीक्षकांपुढे येऊच नये. तिसरी : परीक्षकांनी निर्णयाची कारणे लिहून प्रसिद्ध करावी, हे का निवडले आणि ते का नाही, हे हरलेल्यालाही कळले पाहिजे, कारण शिकण्याची गरज त्यालाच अधिक असते. चौथी : अभ्यासवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थ्याने आपली मोजणी व अहवाल विद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावाच, पण ज्या गावात वा ज्या वस्तीत तो राहिला तेथेही त्यांच्या भाषेत तो वाचून दाखवावा आणि त्यांचे म्हणणे त्यास जोडावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा निधी नको, नवा कायदा नको. फक्त समारंभाची हौस थोडी आवरावी लागेल.

अखेरीस एक शब्द पालकांसाठी. मुलीला वा मुलाला वास्तुकलेच्या विद्यालयात घालताना आपण विचारतो, येथील मुलांना पदके किती मिळाली, नोकऱ्या कोठे लागल्या. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : येथून गेल्या दहा वर्षांत अभ्यासवृत्तीवर कोण कोठे राहून आले, आणि त्यांनी आणलेल्या नोंदी मला पाहावयास मिळतील काय? कपाट उघडून कोणी त्या पुढे ठेवल्या तर त्या शाळेत निःशंकपणे नाव घालावे. आणि कोणी उत्तरादाखल भिंतीवरच्या सोनेरी अक्षरांच्या फलकाकडे बोट दाखविले, तर आपल्या पाल्याला तेथे घर बांधण्यास शिकवितात की इमले रचण्यास, याचा निर्णय करण्यास आणखी पुराव्याची गरज नाही.